प्रतिमाला होडीत बसवणे

१३ एप्रिल, सकाळी १०
अजून ओढतच आहे. कॅनव्हासचे एक टोक पेरूच्या झाडाला बांधले आहे, दुसरे माझ्या कमरेला. हात मोकळे असल्याने ही नोंद. मधे लाकडी होडी उलटी ठेवली आहे. फटींतून पाणी शिरू नये म्हणून तिच्या तळावर कापड इतके ताणून बसले पाहिजे की टिचकी मारली तर वाजावे.
ताडपत्र्या शिवणारा ज्ञानेश्वर (कापड त्याच्याकडूनच घेतले) कुंपणावरून म्हणाला, सर, एकटेच काऊन जीव काढून राह्यले? दोघं लागतात याले. म्हणालो, तीस वर्षे भूगोल एकट्यानेच शिकवला. तो म्हणाला, हाव, पोरं सांगतात.
अक्षय तृतीयेला प्रतिमाला धरणात फिरवणार. लग्नाला एकतीस वर्षे झाली, ती कधी होडीत बसलेली नाही. नागपूरला तलावापर्यंत गेलो होतो. रांग पाहून मीच परत फिरवले. यंदा शब्द दिला आहे. ती म्हणाली, बघू. बघू म्हणजे हो.

१५ एप्रिल
टोकाला सुरकुत्या. गोपाल सुतार पाहून गेला. होडीच्या फळ्या त्याने बदलल्या, पण देखरेख माझी होती. तोंडात तंबाखूचा खर्रा ठेवूनच म्हणाला, सर, कापड सोडा आन पुन्हा ताना. मग होडीपासून हातभर अंतरावर थुंकला. शिसारी आली. या गावाला शिस्त लागणे नाही.
सुरकुत्या पाण्याखाली जातील. पाण्याखालचे कोण पाहतो?

१७ एप्रिल
कापडाच्या विणीतली भोके बुजवायला लेप लागतो. तो महिनाभर वाळू द्यावा म्हणतात. हातात तेरा दिवस. दुकानात लेप नाही, फक्त ऑइल पेंट.
घरात बसवत नाही. कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा तिसरा दिवस. आंबट, कुजका दर्प थेट घशात उतरतो. जेवलो नाही. सुशिक्षित घरात हे चालू नये.

१८ एप्रिल, सकाळी ९
शोध लागला! गव्हाच्या शिजवलेल्या चिकाचा थेंब पायरीवर वाळला होता. नखाने निघेना. प्रतिमा शेजारच्या पुष्पाबाईंकडे सोऱ्या आणायला गेली आहे. पातेले अजून गरम आहे.

दुपारी ४
नाकाला रुमाल बांधून होडीवर चिकाचे तीन हात दिले. दोनदा ओकारी आली, थांबलो नाही. उन्हात कापड कडक झाले. टिचकी मारली. वाजले.
प्रतिमाने रिकामे पातेले उलटे करून पाहिले. वर्षभराच्या कुरडया होत्या, म्हणाली. मग विचारले, अहो, कुरडईची भाजी करताना ती पाण्यात टाकली की काय होतं? म्हणालो, स्वयंपाक वेगळा, नौकानयन वेगळे. ती पातेले घासायला बसली. पटले असावे.

२२ एप्रिल
मुंग्या. माश्या. शेजारच्या बकरीने होडीचे एक टोक चाटून साफ केले. तिची ती खरखरीत, लाळेने माखलेली जीभ डोळ्यांसमोरून जात नाही. टोकाला मी डब्यात काढून ठेवलेला चीक फासला आणि सगळ्यावर हिरव्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. आता प्रश्नच नाही.

२८ एप्रिल
रंगाला फोड आले आहेत. दाबले की आतून तोच आंबट वास. नव्या रंगाला फोड येतातच.
धरणावर मासे धरणारा शेषराव होडी बघायला आला. वास घेतला आणि म्हणाला, सर, मॅडमले पयल्याच दिवशी नोका बसवू. आधी मले एकट्याले नेऊ द्या एकडाव. मत्सर, दुसरे काय! यांच्या धरणात प्रथमच दर्जेदार नाव उतरणार.

३० एप्रिल, अक्षय तृतीया, सायंकाळी
प्रतिमाने मोरपंखी साडी नेसली होती. गजराही. होडी स्थिर राहावी म्हणून आधी मी बसलो. होडी तरंगली. हे नोंदवून ठेवतो.
चारपाच मिनिटांत फळ्यांच्या फटींतून पाणी वर येऊ लागले. बाहेरचे पाणी दुधाळ झाले. हिरवे पापुद्रे सुटून तरंगू लागले. मग मासे आले. शेकडो. कापडाला तोंडे लावून लुचू लागले. हात पाण्यात गेला तर बोटांनाही. किळस, किळस. काठावरून शेषराव आपल्या माणसाला ओरडला, अबे जाळं आन बे, सरांनं मासोया बोलावल्या!
शेवटी मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. होडी माझ्या पायाखाली.
प्रतिमा हसली नाही. विचारले, मी कधी बसायचं? म्हणालो, पुढच्या वर्षी. दोष ज्ञानेश्वरच्या कापडात आहे. तिने मान हलवली आणि साडीचा ओला काठ पिळला.

१ मे, सकाळ
प्रतिमा शेषरावच्या पत्र्याच्या डोंग्यातून पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आली. जाऊन येऊन पाऊण तास. मी अलीकडे उभा होतो. तिची पिशवी माझ्याकडे होती.