जोहराआजीची मिझब

ताइफ, १२ नोव्हेंबर २०१२

चि. अदिबास, अनेक दुआ, वि. वि.

फोनवर तू हल्ली ‘हो’, ‘बरं’ एवढंच बोलतेस, म्हणून गावी निघालेल्या मोहियुद्दीनच्या हाती हे पत्र पाठवतोय. बायकांच्या अत्तर-प्रसाधनांच्या दुकानात आता सौदी बायकांनीच विकायचं, असा नियम झालाय. माझ्या जागी अरवा नावाची मुलगी आलीय. कफील, म्हणजे माझा इथला मालक, म्हणाला, रमजानपर्यंत तिला काम शिकव, मग खलास. मुलगी हुशार आहे, पण गिऱ्हाईक आलं की माझ्याकडेच बघते.

तुला दिवस गेलेत हे कळल्यावर अरवाच्या थोरल्या भावाने, अलीने, मला शफाच्या डोंगरात त्यांच्या आजीकडे नेलं. जोहराआजी बाळाला न्यायची चामड्याची झोळी शिवते. तिला इथे मिझब म्हणतात. आईने ती खांद्याला अडकवायची, बाळ आत. पोरी, मी बघतच राहिलो! बकरीचं लाकडासारखं कडक कातडं तिने चोळून चोळून असं मऊ केलेलं की हातात घेताना ते जिवंत वाटलं. आजीला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. ती रंग सांगते, अरवा तळहातावर मणी ठेवते, आणि नक्षी चुकत नाही. ती तुझ्यासाठी मिझब करणार आहे.

जिवाला जप. या म्हाताऱ्यावर जीव असू दे.
तुझा अब्बा, सिराजुद्दीन

श्रीवर्धन, २८ नोव्हेंबर २०१२

आदरणीय अब्बांस, अदिबाचा सलाम, वि. वि.

पत्र वाचून अम्मी हसली. म्हणाली, सदऱ्याचं बटण लावता न येणारा माणूस शिवणकामावर एवढं लिहितोय! मला मात्र हसू आलं नाही.

अब्बा, त्यांना नको म्हणून सांगा. मागच्या खेपेस झबली, टोपडी, सगळं आधीच तयार होतं. बाळ आलं आणि रडलंच नाही. आता सातवा महिना लागेल, पण मी घरात एक दुपटंसुद्धा आणू दिलेलं नाही. शिवाय जिने तुमची जागा घेतली तिच्या घरचं काही मला नकोच. कडू बोलले असेन तर पोटात घाला.

तुमच्या मायेची भुकेली,
अदिबा

ताइफ, १६ डिसेंबर २०१२

चि. अदिबास, अनेक दुआ, वि. वि.

तुझं म्हणणं मी आजीला सांगितलं. दुकानातल्या जागेचंही सांगितलं, अरवाने मान खाली घालून तेही आजीला तिच्या बोलीत ऐकवलं. आजीने आरी खाली ठेवली. मला वाटलं, आता उठवणार. पण ती म्हणाली, तिची चार मुलं याच डोंगरात पुरली आहेत; रोजच्या दुआत ती त्यांची नावं घेते. प्रत्येक खेपेला तिच्या आईने मिझब नव्याने मण्यांनी सजवली. बाळ येणारच म्हणून नाही; आई घाबरलेली असते, तिच्या खांद्याला आधार हवा म्हणून. मग तिने बाळाचं नाही, तुझं नाव विचारलं आणि मणी ओवता ओवता ‘अदिबा, अदिबा’ म्हणत राहिली. अरवा रडत होती. बाप गेला, अलीला काम नाही; त्या घरात कमावणारी तीच.

मग आजीने मला आरी दिली. चामड्याची वादी ओवताना माझी बोटं फुटली, दोनदा तिने उसवायला लावलं. बाहेर धुकं उतरलं होतं, आणि त्या आंधळ्या बाईच्या मांडीवर लाल-पांढरे मणी उजळत होते. अल्लाने माणसाच्या बोटांत काय काय ठेवलंय!

मिझब पाठवतोय. नको वाटली तर अम्मीकडे दे.
दुआत आठवण ठेव.
तुझा अब्बा

श्रीवर्धन, ८ मार्च २०१३

आदरणीय अब्बांस, अदिबाचा सलाम, वि. वि.

मुलगी झाली हे तुम्हाला फोनवर कळलंच. जे तेव्हा बोलवलं नाही ते लिहिते. मिझब आली तेव्हा मी ती उघडलीही नाही. पुढे एके दुपारी पोट दुखायला लागलं, बाळ हलेना. अम्मी रिक्षा बोलवायला धावली आणि मी भीतीने ती झोळी काढून खांद्याला लावली. रिकामीच. दवाखान्यात तशीच गेले. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले, तेव्हा माझी मूठ त्या मण्यांवर होती.

आता तिच्यात लेक झोपते. गल्लीतल्या बायका येऊन नक्षीवर हात फिरवतात. अरवाला माझा सलाम सांगा. म्हणावं, अब्बांच्या खुर्चीवर नीट बस, गिऱ्हाइकाला घाबरू नकोस.

आणि आजीला एक सांगा. मागच्या बाळाचं नाव मी मनात ठरवलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. अम्मीला नाही, तुमच्या जावयालाही नाही. त्याचं नाव हाशिर. आजी तिच्या चौघांची नावं घेते ना, तेव्हा त्यांच्यात त्याचंही घ्यायला सांगा.

वाट पाहणारी,
तुमची अदिबा