आमरीसाठी वाकडी लाईन

शुक्रवार, श्रावण संपत आलाय

डोकं भणभणतंय, आणि ओरडायचं कुणावर तेच कळत नाहीये.

आठवडाभर मी सरपंचांच्या मागे लागले होते. पाण्याच्या टाकीची नवी पाईपलाईन नेमकी आमरीवरूनच जाणार होती. पांढऱ्या फुलांचं, कंदातून उगवणारं हे रोप आमच्या माळावर एवढं एकच उरलंय. किती समजावलं! तर म्हणे, "एका फुलापायी लाईन वाकडी करायची व्हय, वहिनी? दोन बेंड जास्तीचे लागत्यात." शेवटी आज पंचायतीत वैतागून एकदाचे हो म्हणाले.

आनंदात घरी आले, तर तुळशीशेजारी तेलाचा डबा. डब्यात आमरी!

नाना, माझे सासरे, म्हणाले, "उद्या जेसीबी समदं उकरनार, म्हनून दुपारीच काढून आनली, पोरी. वाचलं बघ तुझं फूल. शेनखत बी घातलंय."

कुदळीने कंद उभा चिरलाय. उरलासुरला शेणखताने कुजेल. अहो, मला एकदा विचारायचं तरी! पण नाना दुखरे गुडघे घेऊन तो माळ चढले, माझ्यासाठी. "बरं केलंत," म्हणाले मी. बरं केलंत! माझी मलाच चीड आली.

आणि मघाशी सरपंचांचा फोन. "वहिनी, बेंड आनले बरं का. तुमच्या फुलाला धक्का न्हाई लागायचा." त्यांनाही "बरं केलंत" म्हणाले.

उद्या लाईन वाकडी जाणार. नानांनी खणलेल्या खड्ड्याला वळसा घालून.