आपटलेलं हेल्मेट

प्रिय ताई,

बाबांची मोटरसायकल गुपचूप नेऊन आपण दोघी खडीत आपटलो होतो, आठवतं? स्वतःचे गुडघे फुटलेले असताना तू आधी माझा फ्रॉक झटकलास.

परवा कामावर जाताना सांडलेल्या तेलावरून गाडी घसरली. उजवं मनगट मोडलंय, म्हणून डाव्या हाताने लिहितेय. शाळेतल्या सिस्टरनी हे अक्षर पाहिलं असतं, तर छडीच मिळाली असती. डोकं अधूनमधून जड होतं, इतकंच. फार दमलेय गं. तुझी कंबर कशी आहे?

गाडी विकतेय. पार्सलमधलं जाकीट भावोजींना दे, “या वयात फटफटी?” म्हणून हसले तरी. हातमोजे तुझ्या लेकीला. तिने मागितलेलं हेल्मेट मात्र पाठवत नाही. वरून धड दिसतं, पण एकदा आपटलेलं हेल्मेट दुसऱ्यांदा वाचवत नाही. तिला नवंच घे, मावशीकडून म्हणून.

तुझी,
धाकटी