अमावास्येला गर्दी नसते

२८ जानेवारी, बुधवार

'हो' म्हणून बसलो!

साधनाचा फोन होता. सुपारी फुटल्यापासून ती स्वतःहून पहिल्यांदाच इतकं बोलली. "पुण्याच्या रस्त्याला ते झोक्यांचं मोठं पार्क झालंय बघा. लग्नाच्या आधी एकदा जाऊन येऊ ना. वहिनी अन् हरिओम सोबत राहतील. बाबा पण हो म्हणले."

मी म्हणालो, "बिलकुल जाऊ."

बिलकुल! फोन ठेवला आणि लगेच पस्तावलो.

झोक्याची भीती नाही मला. उंच न्या, उलटं टांगा, चालेल. भीती रांगेची आहे. पुढे माणूस, मागे माणूस, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. मधूनच बाहेर पडायचं म्हटलं तर वाट नाही.

३० जानेवारी

हे एकदा लिहून ठेवतो. कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्यांदा बँकेत झालं. खात्याच्या कागदांसाठी रांग होती. माझा नंबर जवळ आला आणि छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं झालं. बोटांना मुंग्या. कानात भुंगा. वाटलं, मेलो. लोकांना ढकलून बाहेर आलो, नळाखाली डोकं धरलं, थोड्या वेळाने सगळं ठीक. मग असं एसटीच्या दारात झालं. मग एका लग्नात, जेवणाच्या गर्दीत.

जालन्याच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली. म्हणाले, "हार्ट एकदम बराबर आहे. तुम्ही घाबरता." घाबरतो हे मलाही माहीत होतं!

आणि कडूबा. माझा चुलत चुलतभाऊ. भर उन्हात मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पडला होता. ऊन लागलं होतं, दुसरं काही नाही. पण कुणीतरी म्हणालं, फिट आली. हळदीच्या आदल्या दिवशी मुलीकडच्यांनी साड्या परत पाठवल्या. आता चाळिशीला आलाय. शेळ्या राखतो. अजून लोक त्याला विहिरीच्या काठावर बसू देत नाहीत.

'फिट' हा शब्द एकदा लागला की निघत नाही. साधनाच्या घरी कळलं तर संपलं.

१ फेब्रुवारी

पार्कचं ॲप घेतलं. प्रत्येक खेळापुढे किती वेळ थांबावं लागेल ते दिसतं. हिरवं म्हणजे रांग नाही, पिवळं म्हणजे थोडी, लाल म्हणजे — लाल.

वेगळं महाग तिकीटही असतं. त्याला वेगळी रांग. पण तीही रांगच!

३ फेब्रुवारी

शेठच्या धान्याच्या आडतीवर कामाच्या मधे मधे ॲप बघतो. शांतिलाल शेठनी विचारलं, "माऊली, सोयाबीनचा भाव पाहून राह्यला काय?"

"हो शेठजी."

"मंग तोंड का उतरलं? उतरला काय भाव?"

हमाल हसले. मीही हसलो. मोठा झोका तेव्हा लाल होता.

एक गोष्ट लक्षात आली. सकाळी दार उघडलं की सगळे आधी दाराजवळच्या मोठ्या झोक्याकडे पळतात. पार्कच्या पार मागे आहेत ते खेळ तोवर हिरवे असतात. आपण मागून सुरुवात करायची. लोक जेवायला बसले की पुढे यायचं. आपण जेवायचं ते लोक उठल्यावर.

४ फेब्रुवारी

सापडलं!

ॲपमध्ये गर्दीचं कॅलेंडरही आहे. सतरा तारीख, मंगळवार, गडद हिरवी. बारावीच्या परीक्षा चालू असतील, म्हणजे शाळा-कॉलेजच्या सहली नाहीत. पण खरी गंमत ॲपला माहीतच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं — सतराला अमावास्या! अवसेला आपल्याकडे कोण बाहेर पडतं? त्या दिवशी जीपसुद्धा भरत नाही, ड्रायव्हर हाका मारून दमतो. नवीन काम नाही, प्रवास नाही. आई नखंसुद्धा काढू देत नाही.

शिवाय मला सुट्टी. अवसेला हमाल पोत्याला हात लावत नाहीत, मोंढा बंद असतो. शेठकडे रजा मागायला नको, कारण सांगायला नको.

खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

५ फेब्रुवारी

आई ताटावरून उठली. "अवसेला? होणाऱ्या नवरीला घेऊन? डोकं फिरलं का रे तुझं?"

आबा म्हणाले, "दुर्गे, आजकालची पोरं हायेत. त्यांचे लोक काय म्हणतात ते बघ आधी."

साधनाला भीतभीतच फोन केला. ती हसली. "बाबा म्हणले, जावईबापू म्हणतील तसं. पण तुम्ही अवसेला भीत न्हाई? लई धीट हात की!"

धीट. शब्द इथे लिहून बघितला.

११ फेब्रुवारी

स्वप्नात कठडे. आमच्या गोठ्यापासून सुरू झाले आणि संपलेच नाहीत.

१४ फेब्रुवारी

कुठल्या खेळानंतर कुठला, कुठे सावली आहे, कुठे पाणी, सगळं लिहून हरिओमला पाठवलं. हरिओम म्हणजे साधनाचा धाकटा भाऊ, गाडी तोच चालवणार आहे. त्याचा लगेच फोन. "दाजी, हे पार्कचं हाय का निवडणुकीच्या ड्युटीचं?"

मागे साधना हसताना ऐकू आली. "हसू नको रे. किती बारीक इचार केलाय त्यांनी."

बारीक विचार! तिला काय माहीत, बाहेर पडायच्या वाटासुद्धा मी त्यातच बसवल्यात.

१६ फेब्रुवारी

लिंबू, पाण्याची बाटली, रुमाल. उद्या रांग नसेल. अवस आहे. रांग नसणार.

१८ फेब्रुवारी, बुधवार

कालचं लिहितो. काल हात चालत नव्हता.

सकाळी सगळं ठरल्यासारखं झालं. आम्ही पार मागच्या टोकाला गेलो. पाण्यातली होडी — कुणी नाही, थेट बसलो. डोंगरातली आगगाडी — थेट. भुताचा वाडासुद्धा थेट. साधना सारखी माझ्या मोबाइलमध्ये डोकावत होती. "तुम्हाला कसं कळतं हो, कुठं मोकळं हाय?" तिच्या अर्पिता वहिनी म्हणाल्या, "बाई, नशीब काढलंस. ह्यांच्यासंगं तुला दवाखान्यात बी नंबर लागायची वाट बघायला लागायची न्हाई!"

होडीत साधनाने माझ्या बाहीला धरलं होतं. मी रांगेचा विचार विसरलो. हे खरं आहे, विसरलो होतो.

मग मोबाइलवर एक खेळ पिवळा झाला. मग दुसरा. बघता बघता सगळंच लाल. वाटलं, ॲप बिघडलं. वर पाहिलं तर दाराकडून माणसांचा लोंढा येत होता. बायका, लेकरं, डबे, पांढऱ्या टोप्या. बाहेर बसगाड्यांवर कापडी फलक — अमुक आडत व्यापारी मंडळ, तमुक भुसार व्यापारी मंडळ. आणि त्या गर्दीतून हाक —

"अरे माऊली! तू बी इथंच?"

शांतिलाल शेठ! सोबत सेठाणी पानबाई, हातात पुऱ्यांचा डबा.

शेठ म्हणाले, "आपली तर सहल अवसेलाच निघते भाई. दुसरी सुट्टी कुठंय मोंढ्याला? औंदा चार गावच्या मंडळांनी मिळून इथलं ठरवलं."

अवसेला शेतकरी बाहेर पडत नाही, हमाल हात लावत नाही, माल हलत नाही. मला एवढंच माहीत. माल हलत नाही त्या दिवशी मालक हलतो, हे इतकी वर्षं आडतीवर बसून सुचलं नाही!

मी म्हणालो, आता जेवून निघू. साधना म्हणाली, "मोठा झोका तर ऱ्हायला! त्याच्यासाठीच तर आल्तो." शेठ म्हणाले, "चला चला, आमच्याच संगं लागा रांगेत. होणाऱ्या सूनबाईला झोका न दाखवता नेतो काय?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी मला कठड्यात ढकललं. प्रेमानेच.

कठडे नागमोडी. एक वळण, दुसरं वळण. मागे मंडळातली माणसं भरत गेली. वर पत्रा. कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास. कुणी भाव सांगतंय, कुणी लेकराला रागवतंय. मी मोजायचा प्रयत्न केला — काय मोजू? बोटांना मुंग्या आल्या. मग छातीवर पोतं. मागे बघितलं, वाट नाही. पुढे शेठची पाठ. वाटलं, आता ओरडणार मी. शेठसमोर, साधनासमोर, सगळ्या मोंढ्यासमोर.

साधनाने माझ्या हाताकडे पाहिलं. कठडा धरून हात लटलटत होता. ती अगदी हळू म्हणाली, "बाहेर जायचंय?"

मी मान हलवली.

तिने एकदा आजूबाजूला बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "अगं वहिनी, मला चक्कर —" आणि खाली बसली. बसली काय, लवंडलीच!

एकच गोंधळ. "हवा येऊ द्या!" "फिट हाय, फिट!" "चप्पल हुंगवा!" एकाने पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. ती हलली नाही. पार्कच्या माणसाने कठड्याची साखळी काढली. मी तिला धरून बाहेर आलो. लोकांनी बघितलं की मी तिला धरलंय. खरं तर तिने मला धरलं होतं.

झाडाखाली वारा लागला. पोतं उतरलं. वहिनी पाणी आणायला पळाल्या, हरिओम गाडी आणायला. तेव्हा साधनाने डोळे उघडले. नाकाला चपलेची धूळ. मला विचारते, "आता बरं वाटतंय का?"

मला!

मी तिला काय सांगितलं? काहीच नाही. तेवढ्यात सेठाणी आल्या, आणि मी खाली बघत राहिलो. सेठाणी शेठना म्हणाल्या, "पोरगी गोड आहे, पण हे असं..." पुढचं शेठनी बोलू दिलं नाही.

गाडीत अर्पिता वहिनी पूर्ण रस्ता डोळे पुसत होत्या. "तुला आजपस्तोर असं कधी झालं न्हवतं गं."

१९ फेब्रुवारी

शेठनी गावात कुणाला काही सांगितलं नाही. पण मंडळाच्या बसमध्ये आमच्याकडचे बरेच होते.

२० फेब्रुवारी

आई पाण्याला गेली होती, भरलेला हंडा घेऊन तशीच अंगणात उभी राहिली. "पोरीला फिट येतात म्हणे. सगळ्या गावाला माहीत हाय, मलाच न्हाई! त्या लोकांनी फसवलं आपल्याला. तरी मी म्हणत होते, अवसेला जाऊ नका. अवसेनं दाखवलं बघ."

आबा म्हणाले, "आधी तिच्या बापाला विचारू तर दे."

मी तिथेच होतो. दाराच्या चौकटीला टेकून.

मग साधनाचा फोन आला. "तुम्ही काही बोलू नका. मी जालन्याला सगळ्या तपासण्या करून घेते. डॉक्टरनं कागद दिला की लोक गप होतील." आवाज हसरा करायचा प्रयत्न करत होती.

मी म्हणालो, "बरं." मला सुटल्यासारखं वाटलं! हे लिहिताना लाज वाटते, पण तसं वाटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

मंगळवारी तिचे बाबा, धर्मराजमामा, डॉक्टरचा कागद घेऊन येणार आहेत. आई म्हणते, कागद बघू, पण सुपारी परत करायची. मामांकडचं लुगडं तिने आत्ताच घडी घालून ठेवलंय.

संध्याकाळी कडूबा शेळ्या घेऊन जाताना थांबला. आईचं बोलणं ओट्यावरून ऐकलं असावं. माझ्याजवळ आला, तंबाखू मळली.

"कागद आणणार म्हणं तिचा बाप?"

"हो."

"कागद माह्याकडं बी होता."

एवढंच म्हणाला आणि गेला.

२३ फेब्रुवारी

उद्या. नुसत्या विचाराने बोटांना मुंग्या येतायत. घर मोकळं आहे, वारा आहे, कठडा कुठेच नाही, तरी येतायत. मी बोललो तर 'फिट' मला लागेल. नाही बोललो तर तिला. ती माहेरी, कुंभार पिंपळगावातच राहील आणि तिला कुणी विहिरीच्या काठावर बसू देणार नाही.

शेठना कळेल. हमाल चप्पल दाखवून हसतील. आई कुठे तोंड लपवील?

जमेल असं वाटत नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बोललो. ओट्यावर दोन्हीकडची माणसं बसली होती. मामांनी खिशातला कागद काढला, आईने हात पुढे केला, आणि मी म्हणालो, "चक्कर तिला न्हाई, मला आल्ती. माझ्यासाठी पडली ती." बँकेपासूनचं सगळं सांगितलं. आई आत निघून गेली.

धर्मराजमामांनी कागद न उघडताच परत खिशात ठेवला. म्हणाले, "साधनानं परवाच सांगितलं आम्हाला. तुम्ही सांगता का न्हाई, तेवढं बघायला आल्तो."

चहा घेतला. लग्नाच्या कपड्यांचा बस्ता कधी बांधायचा ते ठरवलं. बाजाराचा दिवस नको, असं ते स्वतःहून म्हणाले.