हिरवा ठिपका

अक्रा,
१२ फेब्रुवारी

प्रिय सनातूताईस,
धाकट्या वुम्पिनीचा सलाम.

तू कशी आहेस? भावोजींचा गुडघा काय म्हणतोय? कोंबड्या, गिनी फाउल, शेजारची बडबडी फाती, सगळे खुशाल ना? अजून कुणाची विचारपूस राहिली असेल तर ती झाली असं समज, नाहीतर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दोन पानं त्यातच संपायची.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तमालेच्या बसचा ड्रायव्हर हे पाकीट, साखर आणि एक चष्मा आणून देईल. फातीकडून वाचून घेऊ नकोस. वेळ लागला तरी तूच वाच.

मागच्या आठवड्यात मी चार वर्षांनी तुझ्या दारात उभी राहिले. आईला माती देताना मी परदेशात होते, ते एक वेळ सोड. पण चाळिसाव्यालाही आले नाही. तेव्हा फोनवर तू म्हणालीस, "तुझ्या त्या नकाशावर आपलं गाव तरी आहे का गं?" ते मला इतकं लागलं की तोंड दाखवायची हिंमतच गेली. तरी तू मला बसायला बाक दिलास, भोपळ्याच्या वाडग्यात पाणी दिलंस, आणि मी पिऊन होईपर्यंत चकार शब्द काढला नाहीस. मी आणखी मागितलं, तू आणखी दिलंस. मगच विचारलंस, "पाणी झालं. आता सांग, कशाला आलीस?"

पाणी पिऊन झाल्यावर खोटं बोलायचं नसतं, हे मला काय कुणी शिकवायला हवं? तरी मी म्हणाले, "सहजच, तुला बघायला." भावोजींनी मान डोलावली. तू मात्र माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलीस. मग मक्याच्या पिठाचं टुओ झाफी रांधलंस, वर भाजीचं कालवण वाढलंस, आणि अक्रात नुसते कागद खातेस की काय, म्हणून माझ्या मनगटाला चिमटा काढलास. मी हसले.

सकाळी उठले तर तुझी चटई रिकामी. ऊन चढल्यावर तू डोक्यावर हंडा घेऊन आलीस. बंधाऱ्यावरून का, असं मी विचारलं. "बंधाऱ्यात आता शेळ्या चरतात," म्हणालीस. नदीवर जायला दीड तास, यायला दीड तास. आणि मी आदल्या दिवशी दोन वाडगे पाणी ढोसून बसले होते.

ताई, मी कशाला आले होते ते आता सांगते.

आफ्रिकेतल्या शेतीत कुणी किती पैसा घातला आणि त्याचं पुढे खरोखर काय झालं, हे आमचं ऑफिस नकाशावर मांडतं. प्रत्येक कामाचा एक ठिपका. बंद पडलं तर लाल, चालू असेल तर हिरवा. पैसा देणारे तो नकाशा बघून ठरवतात, पुढचं काम कुठे करायचं. बंधारा असेल तर कोरड्या दिवसांत तिथे जाऊन उभं राहायचं आणि मगच रंग द्यायचा, हा आमचा नियम. तो मीच लिहिलाय.

आपल्या बंधाऱ्यावर मी गेले नाही. ठेकेदाराने फोटो पाठवला होता, काठोकाठ पाणी आणि काठावर बायका. त्यात तू होतीस, निळ्या ओढणीत, हसत. तेव्हा दोन वर्षांत तुझा चेहरा बघितला नव्हता. मी ऑफिसात बसून रडले आणि आपल्या गावावर हिरवा ठिपका ठेवला. वाटलं, बघ ताई, आहे आपलं गाव नकाशावर.

तुझ्यामागे पुरुषभर उंच मका उभा होता. म्हणजे फोटो सप्टेंबरचा. सप्टेंबरात आपल्याकडे बैलाच्या खुराच्या ठशातसुद्धा पाणी साचतं! शहरातल्या माणसाला हे कळलं नसतं तर चाललं असतं. मी त्याच मक्यात लहानाची मोठी झाले, आणि मी पाणी बघितलंच नाही, तुलाच बघत बसले. मागच्या महिन्यात तो फोटो पुन्हा समोर आला तेव्हा हे ध्यानात आलं, आणि बंधाऱ्याचं खरं काय ते बघायलाच मी आले होते.

बांध त्याच वर्षी फुटला होता. भावोजी दोनदा तमालेला अर्ज घेऊन गेले आणि दोन्ही वेळा 'तुमचं काम नीट चालू आहे' असं ऐकून परत आले, हे तू चुलीशी बसून सहज सांगितलंस. ते नीट चालू आहे, असं सांगणारी मी होते. तुझे कांद्याचे वाफे दोन उन्हाळे कोरडे पडले ते माझ्यामुळे.

सोमवारी मी तो ठिपका लाल केला आणि साहेबांना सगळं लिहून दिलं. नोकरीचं काय होईल माहीत नाही. दुरुस्तीचा निर्णय एप्रिलमध्ये आहे. तो आपल्या बाजूने लागेलच असं वचन मी देत नाही, यापुढे न बघता काही म्हणायचं नाही असं ठरवलंय.

पुढच्या शुक्रवारी येतेय. शनिवारी पहाटे मला उठव, तुझ्याबरोबर नदीवर येईन. डोक्यावर हंडा ठरेल का, देव जाणे. सांडला तर हसून घे. घरी आल्यावर त्यातलं पाणी मला द्यायचं की नाही, ते तू ठरव. दिलंस, तर पिऊन झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचार.

पाणी न बघता तुला बघणारी,
तुझी
वुम्पिनी