सावनेरच्या साक्षगंधाहून परतताना

गोपिकाने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि भर दुपारी पिऊन घोरत पडलेल्या नवऱ्यासाठी, मनोहररावांसाठी, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:

"पिठलं झाकून ठेवलं आहे. भात गरम करून घ्या."

"मी माहेरी चालली" ही पुढची ओळ तिने खोडली. आता कशाला खोटं?

"मी पोलीस ठाण्यात चालली. साक्षगंधाच्या जेवणातून निघताना तुम्ही प्यायले नव्हते, ढोर आडवं आलं, असं सांगायले तुम्ही मले पढवलं. ढोर नव्हतं, चंपतभाऊजी स्वतः सांगतात. तुमच्यानं स्कूटरची किकही बसत नव्हती. ती भाऊजींनी मारून देली, अन् मोठ्या भावाच्या भरवशावर मागं बसले. स्कूटर उलटली अन् भाऊजींचा पाय डॉक्टरनं गुडघ्यापासून कापला."

इथे तिचा हात थांबला. एवढ्यावर चिठ्ठी संपवली असती तर सगळा दोष मनोहररावांच्या माथी गेला असता, आणि तेच तिच्या सोयीचं होतं. दात आवळून तिने आणखी दोन ओळी लिहिल्या:

"लिंबूपाणी पाजलं की उतरते म्हणून मी दोन गिलास पाजले, अन् किल्ली माझ्याच हातानं तुम्हाले देली. तेही ठाण्यात सांगणार आहो."