अर्धा चमचा दही

३ तारीख, सोमवार
कॉलेज सोडलं ते बरंच केलं. शिकून माणसाचं काय होतं ते घरातच दिसतंय. दादा इंजिनिअर, वहिनी एम.कॉम., आणि सात महिन्यांच्या पोराला दही द्यायची दोघांची हिंमत होत नाही. कारण काय, तर दादाला लहानपणी दुधाने अंगभर गांधी उठायच्या.
आज तिघांना क्लिनिकला नेलं. तिथली आहारतज्ज्ञ. डोळे. बास.
ती म्हणाली, पोर ठणठणीत असेल त्या दिवशी, सकाळी, अर्धा चमचा साधं दही. दोन तास लक्ष. तीन दिवस दुसरं नवीन काही नाही. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट हॉस्पिटल. प्यायला गाईचं दूध पोर वर्षाचं झाल्यावरच. आणि रोज तक्ता लिहून शुक्रवारी दाखवायला आणायचा. कोण लिहिणार म्हणून विचारलं, तेव्हा नजर माझ्यावर होती. घेतला तक्ता.

४, मंगळवार, सकाळी ९.१०
अर्धा चमचा. आमच्या छोट्या साहेबांनी निम्मं दादाच्या शर्टावर थुंकलं. दादा दोन तास पोराकडे बघत बसला, जसं काही त्यात बॉम्ब आहे. भित्रट खानदान. काहीही झालं नाही. तक्त्यात 'काही नाही' लिहिणं मला शोभत नाही. 'मुद्रा समाधानी' लिहिलं. तिला भाषेची जाण दिसते.

५, बुधवार
एक चमचा. पुन्हा काही नाही. असंच चाललं तर शुक्रवारी ती 'छान' म्हणेल आणि परत बोलावणारच नाही. निदान एखादी शिंक? तीही नाही. निरुपयोगी मूल.

६, गुरुवार, सकाळी
उद्या क्लिनिक, म्हणून आज रंगीत तालीम. नवा शर्ट. नवं सेंट, मानेला भरपूर. साहेबांना कडेवर घेऊन दही मीच भरवलं. ते माझ्या मानेवरच झोपले.
१०.३० – डाव्या गालावर लाल पुरळ. वहिनी रडायला लागली, बापाचंच उचललं म्हणे. दादा खिडकीशी जाऊन उभा. दूध, लोणी, चीज, सगळं बंद होणार पोराचं. मी एकटा शांत. तक्त्यात लाल शाईने: 'दुधाची अ‍ॅलर्जी. निदान: मी.' फोन केला. तिने लगेच बोलावलं. वाईटातून चांगलं ते असं.

६, दुपारी
तिने ओठ, पोट, पाठ पाहिली. सगळं स्वच्छ. मग शिंकून मला म्हणाली, जरा लांब उभे राहा. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, झोपताना याचा गाल कुठे टेकला होता. दादा, वहिनी आणि ती, तिघांनीही माझ्या मानेकडे पाहिलं. मूर्ख माणसं, पण एकमत पटकन होतं.
गाल धुवा, पुरळ उतरू दे, मग दही पुन्हा सुरू, असं डॉक्टर म्हणाले. दादा पोराला घेऊन थेट बेसिनकडे. ती तक्ता वाचून हसली आणि जाताना म्हणाली, काका, सेंट जपून.
काका. मी वीस वर्षांचा आहे.

८, शनिवार
पुरळ गेलं. साहेबांनी दोन चमचे दही चापलं. तक्ता आता वहिनीकडे. फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात नवी ओळ दिसली, वहिनीच्या अक्षरात. नवीन पदार्थ: काका. प्रमाण: भरपूर. परिणाम: पुरळ. तीन दिवस बंद. नंतर थोडा थोडा, सकाळी, आंघोळ घालून.